आठ पौंडांची पेटी

१

“अकरा!” कथबर्ट ओरडला, आणि मग गप्प झाला.

कथबर्ट गप्प बसणाऱ्यातला नाही. शेजारच्या माँटसेरात बेटाला जाणारं विमान म्हणजे आठ-नऊ माणसांचा पत्र्याचा डबा. त्यात कोण कुठं बसणार हे वजनावर ठरतं, म्हणून त्याच्या काट्यावर सामान चढतं तसं माणूसही चढतं. दुपारी नाव नोंदवताना एकदा, निघताना पुन्हा एकदा. आणि प्रत्येक आकडा तो रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल असा सांगतो. आमच्या अँटिग्वातल्या बायका पाद्र्याला जेवढ्या भीत नाहीत तेवढ्या त्या काट्याला भितात.

त्यानं लाकडी पेटी उचलली, काटा शून्यावर आला का ते पाहिलं, पेटी परत ठेवली.

“अकरा,” तो हळू म्हणाला. “दुपारी आठ होती. हे बघा, माझंच अक्षर.”

डेल्सा फॅरेल पिशवी छातीशी धरून उभी होती. “काटा बिघडला असेल.”

“बाई, याच काट्यावर तुम्ही दुपारी एकशे एक्कावन्न होतात. आत्ता एकशे त्रेपन्न. व्हर्लिनकडे जेवलात ना? मग काटा ठीक आहे. दोन पौंडांचं जेवण मला समजतं.” त्याची नजर पेटीवर गेली. “पण मेलेलं माणूस जेवत नाही.”

पेटीत डेल्साच्या आईची राख होती.

डेल्सानं माझ्याकडे पाहिलं. दुपारी बारापासून ती पेटी माझ्या टॅक्सीत फिरत होती. माझं नाव इनेल. चोवीस वर्षं मी या विमानतळावर गाडी चालवते, आणि दोन विमानांच्या मधे अडकलेली माणसं हा माझा खास धंदा. पाच तास असोत की दोन, मी तुम्हाला जेवू घालते, समुद्रात बुडवून काढते आणि वेळेवर परत आणून सोडते. इतक्या वर्षांत माझ्या गाडीतून एक छत्रीसुद्धा हरवलेली नाही.

“मिस इनेल,” डेल्सा म्हणाली, “उद्या दहाला दफन आहे. चर्चमध्ये सगळी वाट बघतायत. या पेटीत काय आहे?”

कथबर्टनं खणातून स्क्रूड्रायव्हर काढून आमच्यापुढं ठेवला.

२

बाकावर बसून आम्ही पेटी उघडली. पितळेचे चार स्क्रू. एकाच्याही खाचेवर ओरखडा नव्हता; ज्यानं उघडली होती त्याला घाई नव्हती आणि हाताला सवय होती.

झाकण उचललं. आतलं पांढरं अस्तर तसंच, राखही अस्तरावरच्या जुन्या खुणेपर्यंत. डेल्सानं बोट बुडवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

“ही आई नाही.”

“पोरी, राख ती राख…”

“मी स्वतः ओतली होती, मिस इनेल. ती जाडसर होती, पांढुरकी, शिंपल्यांचा चुरा असतो तशी. ही बघा ना, सिमेंट आहे.”

मी बोट ओलं करून चिमूटभर घेतली आणि अंगठ्यानं चोळली. बारीक, राखाडी, काचेसारखी कचकचणारी. ही राख मला चांगली माहीत होती. माँटसेरातचा ज्वालामुखी डोंगर फुटला त्या वर्षांत वारा फिरला की ती समुद्र ओलांडून आमच्या गाड्यांवरही येऊन बसायची. वायपर चालवला की काच खरवडून निघायची.

“ही डोंगराची राख आहे,” मी म्हटलं.

 डोंगरानं डेल्साचं गाव गिळलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. आई आयोनी तिला घेऊन दोन वर्षं अँटिग्वात राहिली आणि मग इंग्लंडला गेली, ती पेटीतूनच परत आली.

“माझ्या आईला कुणीतरी बाहेर ओतलं,” डेल्सा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. “केराच्या टोपलीत की गटारात, मला ठाऊक नाही. आणि मी उद्या सगळ्यांसमोर उभी राहून काय पुरू?”

“पोलिसांना बोलवू का?” कथबर्टनं विचारलं.

“बोलाव,” मी म्हटलं. “मग ही पेटी पंधरा दिवस त्यांच्या टेबलावर राहील आणि तिच्यावर चहाचे कप ठेवतील. आत्ता किती वाजले?”

“चार दहा. पाच चाळीसला विमान. पाच वीसला मी दार लावतो, मग माझी सख्खी आई आली तरी उघडत नाही.” मग त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. “माफ करा, मिस फॅरेल.”

तास-सव्वा तास. मी गाडीची किल्ली उचलली. “दुपारी कुठं कुठं थांबलो, ते आठव.”

“आठवायचं कशाला? यादीच आहे.” तिनं पिशवीतून कागद काढला.

ही यादी आईची. दुपारी विमानतळाबाहेर पडताच डेल्सानं ती माझ्या हातात दिली होती. “आई म्हणायची, अँटिग्वात पाच तास मिळाले तर लाकडी बाकावर बसून घालवायचे नाहीत. तिनं लिहून ठेवलंय, काय करायचं ते.” मला हसू आलं होतं. माझा धंदा मी न शिकवता शिकलेली बाई होती ही आयोनी.

मी गाडी चालू केली. डेल्सा मोठ्यानं वाचत होती.

*पहिलं, हायसिंथकडे जा. काळा ड्रेस कितीही चांगला असला तरी तिला दाखव. तिच्याशी वाद घालू नकोस.*

*मग व्हर्लिनकडे डुकाना आणि खारा मासा. भूक नसली तरी.*

*मग समुद्र. डचमन्स बे. बदामाखाली कॅप्टन नेहेमाया असतो. सामान त्याच्याजवळ ठेव आणि पाण्यात जा. घाई करू नकोस, तासभर तरी डुंब. तुला समुद्र आवडायचा हे तू विसरली असशील.*

तीन ठिकाणं. तिन्ही ठिकाणी पेटी आमच्या हातातून खाली ठेवली गेली होती.

३

“आपण येणार हे त्यांना कसं कळलं?” डेल्सानं विचारलं.

“साऱ्या बेटाला कळलं होतं. मंगळवारी रेडिओवर सांगितलं ना. ‘आयोनी फॅरेल, लाँग ग्राउंड गावच्या, सिस्टर आयो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, शुक्रवारी लंडनच्या विमानानं अँटिग्वामार्गे…’ आमच्याकडे मयताच्या बातम्या लागल्या की कढईतला मासा करपला तरी कुणी उठत नाही.”

“म्हणजे कुणीही तयारी करून बसू शकत होतं.”

“तिघंही.”

मी दुपार डोक्यात पुन्हा फिरवली. व्हर्लिनची खानावळ सगळ्यात गजबजलेली. डेल्सानं पेटी आतल्या खोलीत खुर्चीवर ठेवली होती, वीसेक मिनिटं. व्हर्लिन तिच्या ताटात केळीच्या पानातलं रताळं-खोबऱ्याचं डुकाना वाढत सुटली होती. “खा गं, तुझी आई चार खायची आणि पाचवं रुमालात बांधून न्यायची. न्यायचंय तिकडे? नको नेऊस. दर शुक्रवारी मी माँटसेरातला पार्सलं पाठवते, तो मेला कथबर्ट पौंडापौंडाला अडवतो. मी घरी काटा आणलाय त्याच्यासाठी!” पण व्हर्लिन अँटिग्वाची. डोंगराची राख तिनं गाडीवरून धुतली असेल, जपून ठेवली नसेल.

हायसिंथ तुइटची गोष्ट वेगळी. हायसिंथ लाँग ग्राउंडचीच, आयोनीच्या शेजारची. तिनं डेल्साला पडद्यामागं नेऊन अर्धा तास मापं घेतली, खांदे उसवले, परत शिवले. पेटी तेवढा वेळ मशीनच्या टेबलावर. मी बाहेर ओट्यावर. टेबलाच्या खणात मशीनचे बारके स्क्रूड्रायव्हर, आणि मशीनवरच्या फळीवर—

मी ब्रेक दाबला. मागून बसवाल्यानं शिवी दिली.

“काय झालं?”

“फळीवर एक काचेची बरणी होती. झाकणावर तारीख लिहिलेली. तू नाही पाहिलीस?”

“बरणीत काय होतं?”

“राख,” मी म्हटलं आणि गाडी व्हिला भागाकडे वळवली.

४

हायसिंथ दारातच उभी होती, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.

“गुड आफ्टरनून, हायसिंथ.” काहीही झालेलं असो, आमच्याकडे हे आधी म्हणावं लागतं.

“गुड आफ्टरनून. ड्रेस उसवला का? माझी शिलाई उसवत नाही.” मग तिनं डेल्साचं तोंड पाहिलं आणि टाचण्या हातात काढून घेतल्या. “काय झालं, पोरी?”

डेल्सानं पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. हायसिंथनं वाकून आत पाहिलं. मग तिनं चिमूट घेतली आणि नाकाशी नेली.

“आमच्याकडची,” ती पुटपुटली. “आयो कुठंय?”

“तेच विचारायला आलोय,” मी म्हटलं. “तुझी बरणी दाखव.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. चाळिशीपासूनची आमची ओळख, माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे झगे तिनं शिवले. त्या नजरेचं ओझं अजून माझ्यावर आहे. तिनं स्टूल ओढलं, चढली, बरणी काढून माझ्यापुढं आदळली.

बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकणावर धूळ, धुळीवर एकाही बोटाचा ठसा नाही.

“झालं समाधान?” हायसिंथ म्हणाली. “इनेल, तुझ्या माहितीतल्या एका तरी माँटसेरातवाल्याच्या घरात अशी बरणी नाही असं दाखव. घर गेलं, चर्च गेलं, बापाची कबर गेली. हातात एवढंच तर उरलं. मी चोर असते तरी ही दिली नसती.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” ती स्टुलावर बसली. “आणि मला अक्कल नाही असं तुला वाटलं, त्याचा जास्त राग आला. मी ही भानगड केली असती तर पेटी अकरा पौंडांची होऊ दिली असती? दर मार्चला सणासाठी घरी जाताना मी त्या काट्यावर चढते. गेल्या खेपेला तो सगळ्या रांगेला म्हणाला, ‘मिस तुइट, दोनशे सात, तुम्ही शेपटाकडे बसा!’ मी आठ म्हणजे आठ पौंड भरले असते, वर गुंजभर नाही.”

डेल्साला हसू आलं, आणि त्याच श्वासात रडूही. हायसिंथनं तिला छातीशी धरलं.

मी मात्र तिथंच थबकले.

ज्यानं पेटी भरली त्यानं डोळ्यांनी भरली. अस्तराची खूण बघून तिथपर्यंत. त्याच्या दृष्टीनं काम चोख झालं. झाकण लावलं की कुणाला कळणार? वजनाचा विचार त्याच्या मनालाही शिवला नाही. म्हणजे त्या विमानात पेटी, पार्सल, माणूस, सगळं दोनदा तोललं जातं हे त्याला माहीतच नव्हतं. हायसिंथला माहीत होतं. व्हर्लिननं तर घरी काटा आणला होता.

आणि तिसरा?

दुपारी डचमन्स बेवरून निघताना म्हाताऱ्या होडीवाल्या कॅप्टन नेहेमायानं पेटी स्वतः गाडीपर्यंत आणली होती. डेल्सा पुढं झाली तर त्यानं मानेनंच नाही म्हटलं. सीटवर ठेवली, पट्टा लावला, माणसाला लावतात तसा. आणि म्हणाला, “आकाशातून जाणार म्हणे सिस्टर आयो. आपला तिकडे संबंध नाही बुवा. पाऊण शतकात मी जमिनीवरून उतरलो तो पाण्यातच. त्या विमानतळाच्या आत काय असतं तेही मला ठाऊक नाही.”

डेल्सा डोळे पुसत म्हणाली, “मग राहिली व्हर्लिन. समुद्रावर तर पेटी तुमच्या डोळ्यांसमोर होती ना, मिस इनेल? तुम्ही तसं म्हणाला होतात.”

हो. मी तसं म्हणाले होते.

५

गाडीत बसल्यावर मी ते तोंडातून काढलं. आधी काढायला हवं होतं.

“पोरी, मी झोपले होते.”

“काय?”

“तू पाण्यात होतीस तेव्हा. पहाटे चारला उठले होते, पोटात डुकाना, बदामाची सावली. कॅप्टननं खुर्ची दिली. मी डोळे मिटले ते तू ओल्या केसांनी समोर आलीस तेव्हा उघडले. तू विचारलंस आणि मी म्हटलं, पेटी माझ्या डोळ्यांसमोर होती. चोवीस वर्षांचं नाव, ते टिकवायला एक वाक्य टाकून दिलं. म्हणून आत्तापर्यंत मी समुद्राकडे बघायचंच टाळलं. तिथं बघितलं की मी दिसणार होते.”

 गाडी विमानतळाच्या कुंपणावरून पुढं गेली. घड्याळात चार सत्तेचाळीस.

“माझ्याकडे रोज माणसं येतात,” शेवटी ती म्हणाली. ती इंग्लंडात नगरपालिकेत परवाने तपासते. “सगळी खोटं बोलतात. तुम्ही तासाभरात कबूल केलंत. बरंच म्हणायचं.”

“तू कधी बोलत नाहीस?”

“जमत नाही. तोंड उघडायच्या आत हात गळ्याशी जातो. आई म्हणायची, हिला चोराच्या लग्नालासुद्धा नेऊ नका. दुपारच्या फॉर्मवर ‘पेटीत काय’ विचारलं होतं, मी तीन ओळी लिहिल्या.”

मी गाडी वाळूपाशी थांबवली. बदामाखालचा कामाचा बाक रिकामा होता. आणि जिथं कॅप्टनची होडी उलटी ठेवलेली असायची, तिथं वाळूवर नुसता लांबलचक ओला चर उरला होता.

डेल्सा चपला टाकून धावत सुटली.

६

होडी पाण्यात होती, कमरेएवढ्या. शीड अजून गुंडाळलेलं. कॅप्टन नेहेमाया फळीवर बसला होता, अंगात चर्चचा काळा कोट, खाली दुमडलेली पॅंट. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, दोन्ही हात त्याच्यावर.

आम्हाला पाहून तो दचकला नाही. सावकाश पाण्यात उतरला आणि डबा डोक्याच्या उंचीवर धरून काठाला आला.

“कसं कळलं?” त्यानं मला विचारलं.

“वजन, कॅप्टन. ते पेटी तोलतात.”

“तोलतात?” त्याला खरंच विश्वास बसेना. “मेलेल्या माणसाला तोलतात?”

“जिवंतालाही.”

त्यानं मान हलवली. मग डबा डेल्साच्या पुढं धरला. “घे. तुझी आई आहे. एक कण सांडलेला नाही. मी चादर अंथरून केलं.”

डेल्सानं डबा घेतला आणि ती वाळूत तशीच बसली. “का?” ती एवढंच म्हणाली.

“मी शब्द दिला होता की तुला सांगणार नाही.”

“कुणाला?”

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “डेल्सा, यादी काढ. तिसरं वाच परत.”

“सामान त्याच्याजवळ ठेव आणि पाण्यात जा. घाई करू नकोस, तासभर तरी…” ती थांबली.

“कधी लिहिली होती ही?”

“जानेवारीत. डॉक्टरांनी सांगितल्यावर. तिनंच ठरवलं होतं, दहन करा, राख घरी न्या…” तिचा हात गळ्याशी गेला. “तिला माहीत होतं. मी इथं येईन तेव्हा सामान म्हणजे कोण असेल, हे तिला लिहितानाच माहीत होतं.”

“तुला तासभर पाण्यात ठेवायचं तिनं ठरवलं,” मी म्हटलं. “मी झोपेन हे मात्र तिला माहीत नसावं. ते माझ्या पदरचं.”

कॅप्टन तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. कोटाच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

“डोंगर आला त्या दिवशी तू उत्तरेला होतीस, शाळेत. आयो तुझ्या आजीला आणायला गावात गेली. म्हातारी हलेना. ओट्यावर बसून झाडू मारत होती, राख पडतेय आणि ही झाडतेय. म्हणाली, तू पोरीकडे जा, मी एवढं अंगण झाडून येते. मी आयोला ओढत होडीत घातली. ती ओरडत होती, मम्मा, मी न्यायला येते, मी परत येते. म्हातारीनं झाडू वर करून दाखवला. तासाभरानं ते सगळं खाली आलं. घर नाही, ओटा नाही, आजी सापडली नाही.”

लाटा येत होत्या, जात होत्या. विमानतळावर कुणीतरी इंजिन चालू केलं.

“होडीत मी तिला म्हटलं, मी तुला परत नेईन. ती दर नाताळला फोन करायची. ‘कॅप्टन, होडी शाबूत?’ ‘शाबूत.’ एवढंच. यंदा जानेवारीत केला. म्हणाली, उत्तरेच्या नव्या कबरस्तानात मी कुणाला ओळखत नाही. मला मम्माकडे सोड, ओट्यासमोरच्या पाण्यात. चर्चला आणि बहिणींना थडगं हवंय, ते त्यांना मिळू दे. डेल्साला सांगू नकोस. तिला विचारलं तर ती खरं सांगेल, आणि खरं कळलं की मला तिकडे कुणी जाऊ देणार नाही.”

“डोंगराखालचा तो पट्टा बंद आहे,” डेल्सा म्हणाली. “समुद्रसुद्धा. जायला परवाना लागतो.”

“लागतो.”

“मिळत नाही.”

“नाही मिळत.”

तिनं डब्यावरची वाळू पुसली. “माझ्यासारखीच कुणीतरी बसली असेल टेबलामागं,” ती म्हणाली. मग एकदम मान वर करून: “तुम्ही गेला का नाहीत? तीनलाच पेटी गाडीत ठेवलीत. आत्तापर्यंत अर्ध्या वाटेवर असतात.”

“तुझं विमान डोक्यावरून जाईपर्यंत थांबणार होतो,” कॅप्टन म्हणाला. “तू एकटी निघालीस असं तिला वाटू नये. दोघींनी बरोबर निघायचं.”

मी दुसरीकडे तोंड केलं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती, पण ते सांगायचा मला धीर होईना.

डेल्सानं पेटी पुढं ओढली. “आणि ही? ही कुठली?”

“तुझ्या आजीच्या अंगणातली,” कॅप्टन म्हणाला. “त्या सकाळी आयोला ओढून नेताना तिनं ओट्यावरचा झाडलेला ढीग ओंजळीनं माझ्या मासळीच्या डब्यात भरला. वेडी झालीस का, मी ओरडलो. ती भरतच राहिली. सव्वीस वर्षं तो डबा माझ्याकडे होता. रिकाम्या पेटीवर भजन म्हणायला लावायचं माझ्या मनाला येईना. मला वाटलं, निदान घरचं काहीतरी जाऊ दे.”

डेल्सानं पेटीतल्या राखेवर तळहात ठेवला.

“आजीचं दफन कधी झालंच नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही झालं.”

“भजन नाही, प्रार्थना नाही. रेडिओवर नाव पण नाही.”

“तेव्हा एवढी नावं होती, पोरी…”

मग तिनं जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनं कॅप्टनचा डबा उघडला, आईची एक मूठ घेतली आणि पेटीत ठेवली. पेटीतली एक मूठ घेतली आणि डब्यात ठेवली. मग डब्याचं झाकण नीट दाबून तो कॅप्टनच्या हातात परत दिला.

“ओट्यासमोर,” ती म्हणाली. “नक्की ओट्यासमोर.”

“मला जागा माहीत आहे,” म्हातारा म्हणाला.

७

कथबर्टचा हात दारावर होता. पाच एकोणीस.

डेल्सानं पेटी स्वतः काट्यावर ठेवली. स्क्रू परत घट्ट बसवलेले, गाडीतच, माझ्या हातांनी. रांगेत मागं दोन बायका, एक पाद्री, कोंबड्यांचं खोकं घेतलेला एक माणूस, सगळे कान टवकारून. बातमी पसरायला आमच्याकडे रेडिओच लागतो असं नाही.

काटा थरथरला आणि थांबला.

“अजूनही तेवढंच,” कथबर्ट कुजबुजला. “मिस फॅरेल, चोरीला गेलेलं मिळालं का? मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल.”

“चोरीला काही गेलं नव्हतं.”

“मग पेटीत…” तो अडखळला. “आईच आहेत ना?”

तिचा हात गळ्याकडे निघाला.  हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

“माझ्या घरचं माणूस आहे,” डेल्सा म्हणाली. “माझ्या गावचं. उद्या दहाला दफन आहे. वजन लिहा.”

कथबर्टनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या वाळूनं भरलेल्या बुटांकडे. त्यानं दुपारचा आठ खोडला आणि त्याच्या शेजारी नवा आकडा लिहिला.

बावीस वर्षं तो माणूस त्या काट्यापाशी उभा आहे. लोकांची वजनं ओरडून सांगणं हा त्याचा आनंद आहे, आणि रांग त्याचीच वाट बघत होती. त्यानं पेटीवर चिठ्ठी चिकटवली, दोन्ही हातांनी ती उचलून डेल्साला दिली, आणि तोंड उघडलं नाही.